अकरा दिवस तीनच गोळ्या

सहा नंबरच्या वॉर्डात त्यांना सगळेच ताई म्हणायचे. डॉक्टर म्हणायचे, झाडूवाले म्हणायचे, आणि ज्यांना स्वतःचं नावही आठवत नसे असे पेशंटही म्हणायचे. मनोरुग्णांच्या इस्पितळात सत्तावीस वर्षं नर्स म्हणून काढलेली बाई. अंगाने किरकोळ, पण व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला दोघं हमरीतुमरीवर आले, तर ताईंनी इथून नुसतं "काय चाललंय?" म्हटलं की तिथे दोघं भिंतीला चिकटत. चाळीस खाटा आणि प्रत्येकाच्या गोळ्या तोंडपाठ. गोळी दिली की "आ करा, जीभ वर" म्हणून तपासायच्या, कारण गोळी गालात दाबून मागाहून थुंकणारे महाभाग काही कमी नव्हते.

आता एक गोष्ट सांगायला हवी, ती बाहेरच्यांना माहीत नसते. नियम असा, की गोळी पोटात गेली की मग चार्टवर खूण करायची. पण प्रत्येक खाटेपाशी थांबा, चार्ट काढा, पेन शोधा, असं करत बसलं तर नऊ वाजता मोठे डॉक्टर राउंडला येईपर्यंत अर्धा वॉर्डही उरकायचा नाही. म्हणून सकाळी टेबलाशी बसून चाळीसही चार्टवर खुणा करून टाकायच्या आणि मग ट्रॉली ढकलत निघायचं. ताईंना हे त्यांच्या वेळच्या मोठ्या सिस्टरने शिकवलं, ताईंनी हाताखालच्या मुलींना शिकवलं. त्यात कुणाला पाप वाटत नव्हतं. गोळ्या तर दिल्या जायच्याच ना!

त्या चाळिसांत एक पेंटर होता. दुकानांच्या पाट्या रंगवायचा, म्हणून पेंटर. आईबाप लवकर गेले, थोरल्या भावाने स्वतः लग्न न करता त्याला वाढवलं. पुढे आजार आला. आजार उसळला की पेंटरला वाटायचं, हा आपला दादा नाही, दादाचा चेहरा लावून दुसराच कुणीतरी घरात शिरलाय. औषध चालू असलं की वॉर्डात त्याच्याइतका गोड माणूस शोधून सापडायचा नाही. रोज चार गोळ्या. पहिल्या तीन झोपेच्या, थरथरीच्या, असल्याच. चौथी मात्र खरी, दादाचा चेहरा दादाला परत देणारी.

एका वर्षी ती चौथीच स्टोअरमध्ये संपली. उद्या येईल, परवा येईल, असं स्टोअरवाला सांगत राहिला. चार्टवर चौकट रिकामी ठेवली तर लेखी खुलासा द्यावा लागतो, वर साहेबांची बोलणी. ताईंचा हात सवयीने चालत राहिला आणि खुणा होत राहिल्या. तिसऱ्या दिवशी पेंटरनेच विचारलं, "ताई, आज एक कमी आहे का?" तो आरडाओरडा करेल, त्याचं बघून बाकीचे करतील, म्हणून ताईंनी वेळ मारून नेली. म्हणाल्या, डॉक्टरांनीच कमी केली, तुम्ही बरे होताय आता. पेंटर इतका खूश झाला की येईल त्याला सांगत सुटला. रविवारी दादा भेटायला आला, त्यालाही सांगितलं. दादाने जाताना ताईंना हात जोडले.

अकरा दिवस असे गेले. बाराव्या दिवशी डॉक्टरांनी चार्ट पाहिला, सगळं यथास्थित, आणि पेंटरला पंधरा दिवसांच्या रजेवर घरी सोडलं. घरी न्यायच्या पुडीतही तीनच प्रकारच्या गोळ्या होत्या. ती पुडी पुढे कुणी उघडून पाहिली नाही. दुसऱ्याच दिवशी पेंटरने पाट्या ठोकायच्या हातोडीने दादाला मारलं. पोलीस आले तेव्हा तो दारात बसून त्यांना सांगत होता, आतला माणूस गेला, आता दादाला घरी बोलवा.

कोर्टात चार्ट बोलला. औषध एक दिवसही चुकलेलं नाही, आदल्या दिवशी दोघांचं भांडण शेजाऱ्यांनी ऐकलेलं, म्हणजे आरोपी शुद्धीवर होता. ताईंना एकच विचारलं, खुणा तुमच्याच का? ताई हो म्हणाल्या. पुढचं कुणी विचारलं नाही, आणि न विचारता सांगायला त्यांची जीभ रेटली नाही. पेंटरने आपल्या वकिलाला सांगून पाहिलं होतं की मला तीनच मिळत होत्या. वकिलाने त्याच्यापुढे चार्ट धरला. चार्टपुढे वेड्याचं कोण ऐकतो! जन्मठेप झाली.

तेव्हापासून ताईंच्या मागे ते लागलं. रिकामी खाट लगेच भरली, पण नव्या माणसाला गोळ्या देताना कानात पेंटरचाच आवाज यायचा, "म्हणजे मी बरा होतोय ना?" घरी भांडी घासताना यायचा. भर दुपारी बसमध्ये यायचा, इतका जवळून की त्या मान वळवून बघायच्या. खुणा आता गोळी दिल्यावरच करू लागल्या, राउंडला रोज उशीर, रोज बोलणी. घरी नवरा रक्तदाबाची गोळी घ्यायचा, तर त्यालाही "जीभ वर" म्हणायच्या. तो निवृत्त बस-मेकॅनिक, थट्टेखोर. म्हणायचा, अगं मी नवरा आहे, पेशंट नाही. पहिले काही दिवस हसला, मग हसणं बंद झालं.

सगळ्यात वाईट गोष्ट वेगळीच होती. डॉक्टर नेहमी शिकाऊ पोरांना सांगायचे की राग, माया, संशय, सगळा मेंदूतल्या रसायनांचा खेळ. ताईंना ते पटत आलं होतं. डोळ्यांनी पाहिलेलं होतं. पेंटरचा हात पेंटरने उचललाच नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. मग खुणा करणारा आपला हात कुणी उचलला? पेंटरशी खोटं बोलल्या त्या सकाळी झोप नीट झाली होती, चहा झाला होता, डोकंसुद्धा दुखत नव्हतं. स्वतःत काहीतरी बिघाड सापडावा म्हणून त्या जंग जंग पछाडत होत्या, आणि काही केल्या तो सापडत नव्हता.

दोन वर्षांनी पेंटरचं अपील उभं राहिल्याचं कळलं. ताईंनी नवऱ्याला प्रथमच सगळं सांगितलं. तो म्हणाला, "झाकली मूठ राहू दे. गेलेला माणूस परत येणार नाही, नोकरी मात्र जाईल, वर कदाचित तुरुंग." आणि अगदीच राहवत नसेल, तर कामाचा ताण होता, चक्कर यायची, असं सांग, सर्टिफिकेट मिळतं. माणूस वाईट नव्हता तो. भीती वाटत होती त्याला, ती बायकोसाठी.

ताई तुरुंगात पेंटरला भेटायला गेल्या. मनातलं खरं सांगायचं तर, तोच म्हणेल जाऊ द्या ताई, या आशेने गेल्या. जाळीपलीकडे तो येऊन बसला. इथे चारही गोळ्या वेळेवर मिळत होत्या. डोळे स्वच्छ होते. ताईंनी प्रस्तावना केली नाही. अकरा दिवस तीनच होत्या म्हणाल्या, डॉक्टरांनी कमी केली नव्हती, मी खोटं बोलले.

पेंटरने जाळीला बोटं अडकवली.

"तीनच होत्या," तो म्हणाला. "मला वाटलं, तोही भासच असणार." आणि तो रडायला लागला. दोन वर्षं त्याने आपल्या डोक्यातली ती एक खरी आठवणसुद्धा खोटी म्हणून टाकून दिली होती.

"दादाला तुम्ही मारलं नाही, पेंटर. मी कोर्टात सांगेन."

"म्हणजे मारणारा मी नव्हतो, गोळी नव्हती म्हणून ते झालं." त्याने डोळे पुसले. "आणि दादावर माझा जीव होता, तो? तोही गोळीनेच का, ताई?"

सत्तावीस वर्षांत याचं उत्तर ताईंना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांना तिथून पळून जावंसं वाटलं, पण त्या बसून राहिल्या.

मग पेंटरने हळू आवाजात विचारलं, "तुमचंही तेव्हा काही बिघडलं होतं का? डोक्यात?"

टोमणा नव्हता तो. तो त्यांच्याकरता दार उघडून धरत होता. हो म्हटलं असतं तर दोघंही सुटले असते. कुणीच काही केलेलं नाही, असं ठरलं असतं.

"नाही," ताई म्हणाल्या. "मी चांगली ठणठणीत होते."

पेंटरने मान डोलावली. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्याचे खांदे सैल झाले.

"बरं झालं," तो म्हणाला. "म्हणजे सगळंच गोळीचं नाही, कुणीतरी होतं तिथे."