केळ्यांच्या फणीतली कातीन

आमच्या मावसाजींइतका संशयी माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही, आणि त्यांचा सगळा संशय फळांवर. माणसांवर मात्र आंधळा विश्वास, तेच पुढे नडलं. कुठल्याशा परदेशात दुकानातल्या केळ्यांतून विषारी कोळी निघाल्याचा व्हिडिओ त्यांच्या मोबाइलवर आला आणि पिपरी मेघेतल्या त्यांच्या घरी फळांची झडती सुरू झाली. कोळ्याला आमच्याकडे कातीन म्हणतात. तिच्या धास्तीने मावसाजी संत्रं कानाशी धरून हलवत, सीताफळ फोडण्याआधी तासभर उन्हात ठेवत, म्हणजे आत कोणी असेल तर त्याला निघून जायला सवड. केळ्यांची फणी आली की बोटाने टकटक करून विचारत, "अंदर कोणी आहे काय?" मावशी गॅसपाशून ओरडायची, "असलं तरी होय म्हणन काय?" यावर मावसाजी शांतपणे, "आपण इचाराव. आपलं काम आहे."

मला अक्कल नव्हती म्हणावं, तर चाळिशी उलटलेली. गेल्या दिवाळीत आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो. न्हाणीतल्या भिंतीवरची एक चांगली थोराड कातीन मी कागदात धरली आणि मावसाजींनी नुकत्याच नालवाडीच्या दुकानातून आणलेल्या फणीत सोडली. ते कसे उडतात त्याचं शूटिंग घ्यायचं आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचं, एवढाच बेत. पण त्यांच्या आधी माझी चार वर्षांची लेक केळं तोडायला धावली. कातीन तिच्या बोटांकडे सरकली. मी मोबाइल धरून उभा! आणि झुरळाला पाहून पलंगावर चढणारे मावसाजी पुढे झाले, पोरीला मागे ओढलं आणि कातीन उघड्या हाताने चिरडली.

मग विष वर चढू नये म्हणून मनगटावर दुपट्टा आवळून ते ओसरीत बसले. मला हळूच म्हणाले, "पोट्टीले काही झालं नाई ना? मी आता दोन घंट्यांचा पाहुणा. तुह्या मावशीले इतक्यात सांगू नको, तिचा सैपाक होऊन राह्यला." मी शेजारी बसलो. एक वाक्य बोललो असतो तरी पुरलं असतं. पण लाज वाटत होती, आणि ती वाढेल तसतसं तोंड आणखीच मिटत गेलं. दोन तास उलटले तेव्हा "माहा हातच कडक, इष चढलंच नाई" म्हणत ते जेवायला उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते नालवाडीला गेले आणि भरल्या दुकानात त्या फळवाल्या बाईला म्हणाले, "तू इष विकून राह्यली!" गिऱ्हाइकं हातातली फळं ठेवून निघून गेली. घरी येऊन हे छाती काढून सांगायला लागले, तेव्हा मात्र माझ्याने राहवेना. सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता कानाखाली बसणार. बसायलाच हवी होती.

"म्हंजे बाई रडली थे फुकटच," एवढंच मावसाजी म्हणाले आणि चपला शोधू लागले.

"मी येतो, मावसाजी. मीच माफी मागतो."

"नको. घरचं पोरगं असं करते, हे मी भर दुकानात काऊन सांगू? सांगतो का, मले दिसत नाई बराबर. धागा पाह्यला अन् कातीन समजलो."

बिनचष्म्याने पेपर वाचणारा तो माणूस भर उन्हात निघाला. मी दारात उभा राहिलो. आणि खरं सांगायचं तर, ते 'नको' म्हणाले तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. केलेल्या थट्टेची लाज एक वेळ जाईल, पण ही जात नाही.