धाकटीच्या उंचीची खूण

थोरलीचं पार्लर घराच्या खालच्याच खोलीत. दोन खुर्च्या, एक मोठा आरसा आणि मालकिणीच्या पाठीवर लोळणारी वेणी, एवढीच काय ती जाहिरात. वेणीत जन्मापासूनची एक तांबूस बट होती. गिऱ्हाइकं विचारायची, "रंग कुठला लावता?" थोरली म्हणायची, "आईला विचारावं लागेल."

मग तिच्या उजव्या स्तनात गाठ निघाली. आधी ऑपरेशन आणि नंतर केमो, असं डॉक्टरांनी सांगितलं. केस जाणार हे कळल्यावर तिने आरशासमोर बसून वेणी खांद्यावरून पुढे घेतली आणि आपल्याच कात्रीने कापली. पुढे टोप करून घ्यायचा, असं ठरवून उशीच्या अभ्र्यात गुंडाळली आणि कपाटात ठेवली. हे सगळं धाकट्या जावेच्या देखत. धाकटी तर ढसाढसा रडली. रडण्यात तिचा हात धरणारं घरात कोणी नव्हतंच.

ऑपरेशन झालं, केमो सुरू झाला, डोक्याचा तुळतुळीत गोटा झाला. टोप करायला द्यावा म्हणून थोरलीने कपाट उघडलं, तर अभ्रा आहे आणि वेणी नाही.

"तुम्हीच कुठेतरी ठेवली असेल ताई," धाकटी म्हणाली. "औषधांनी होतं हो असं. परवा दूध गॅसवर ठेवून विसरलात ना?"

दूध खरंच उतू गेलं होतं, म्हणून थोरलीने पुन्हा सगळं कपाट रिकामं करून पाहिलं. नवऱ्याने माळा उपसला, गाद्या उलट्यापालट्या केल्या. सासरे हळूच म्हणाले, "पोरी, डोक्याला ताण देऊ नकोस." त्या दिवसापासून सगळे तिच्याशी सावकाश आणि मोठ्याने बोलू लागले. स्तन गेला, केस गेले, त्याची तिने मनाशी कशीबशी समजूत घातली होती. पण आता आपलं डोकंही जातंय, ही भीती तिला उलट्यांपेक्षा जास्त छळू लागली.

आणि एक दिवस धाकटी जिना उतरून आली ती टाळूवर हा भला मोठा अंबाडा मिरवत. एरवी तिची वेणी उंदराच्या शेपटीएवढी. दिव्याखालून जाताना अंबाड्यात तांबूस बट चमकली. आयुष्यभर लोकांची डोकी हाताळलेल्या बाईला आपल्याच केसांचं गंगावन ओळखू येणार नाही?

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. आणि त्याहून जास्त आनंद झाला. म्हणजे आपलं डोकं ठिकाणावर आहे!

"छान दिसतोय गं," ती म्हणाली.

"शॅम्पू बदलला, ताई."

तेव्हाच ओढून काढावंसं वाटलं तिला. पण धाकटी ताडमाड उंच, आणि ऑपरेशनपासून थोरलीचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. डाव्या हाताने जमलं असतं, पण जो हात कामातून गेला म्हणून सगळे हळहळत होते, त्याच हाताने ते व्हायला हवं होतं. आणि तेही चार लोकांत. घरातल्या घरात केलं असतं, तर पुन्हा औषधांवरच खापर फुटलं असतं.

हॉस्पिटलातल्या व्यायामाच्या बाईंनी तिला सांगितलं होतं, भिंतीसमोर उभं राहायचं आणि बोटांनी भिंत चढायची, रोज थोडी वर. तोवर थोरली त्याला टाळाटाळ करायची. आता तिने धाकटीला बोलावलं. "जरा भिंतीला टेकून उभी राहा. पडद्याचं माप घ्यायचंय." आणि स्टुलावर चढून अंबाड्याच्या टोकाशी पेन्सिलीने खूण केली.

मग रोज तेच. जखमेची कातडी ताणायची, काखेत कोणी दोरी ओढतंय असं वाटायचं, डोळ्यांतून पाणी यायचं. "चोरटी मेली!" म्हणत ती बोट आणखी वर सरकवायची. केमोनंतर अंग उचलत नसे, तेव्हाही ती भिंतीपाशी हजर. नवरा कौतुकाने म्हणायचा, "काय जिद्द आहे हिची!" थोरली नुसती हसायची.

केमो संपला, बोटं खुणेच्या वर पोचली, आणि सासऱ्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस आला. झाडून सगळे नातेवाईक जमले. फोटोग्राफरने उंच माणसं मागे उभी केली. थोरली पुढे खुर्चीत, डोक्याला रुमाल. मागे धाकटी चुलतसासूला सांगत होती, "ताईंचं काही खरं नाही हो. स्वतःच वेणी कुठे ठेवली, तेही आठवत नाही."

थोरली उठली. "थांबा, एक गोष्ट राहिली," म्हणाली, मागे गेली आणि उजवा हात वर केला. काखेतली दोरी कचकन ताणली गेली, पण हात थांबला नाही. पिना फरशीवर टपटप पडल्या आणि गंगावन तिच्या मुठीत आलं.

"बाबा, ही बट ओळखता ना?"

सासऱ्यांनी चष्मा नीट केला. बट पाहिली, मग धाकटीकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

धाकटीच्या टाळूवर तळहाताएवढं टक्कल होतं. तिने दोन्ही हात डोक्यावर दाबून धरले. केस गळू लागले तेव्हा दाराची बेल वाजली की थोरलीही अशीच डोकं झाकायची.

"ताई," धाकटी पुटपुटली, "निदान फोटो होईपर्यंत तरी द्या."

थोरलीला तिची कीव आली. खरंच आली. गंगावन मात्र तिने दिलं नाही. डोक्याचा रुमाल सोडला आणि धाकटीच्या हातात कोंबला.

"हा बांध. धुतलेला आहे."

मग उघड्या डोक्याने ती आपल्या खुर्चीत येऊन बसली, वेणी मांडीवर घेतली आणि फोटोग्राफरला म्हणाली, "हं, काढा आता."