अमेरिकेच्या नदीतलं खेचर

पुस्तकं विकणाऱ्या एका माणसानं मला फसवलं. मला, म्हणजे सोनपेठच्या बाजारात ज्याच्यासमोर बैलही आपलं वय चोरू शकत नाही, त्या जनावरांच्या दलालाला. हे आधीच सांगून टाकतो. पुढं त्याचं कौतुक माझ्या तोंडून निसटलं, तर तुमचा गैरसमज नको.

"इतिहासात हाय शेठ, माझ्या मनचं न्हाई." हे त्याचं पालुपद. ते म्हणताना मिटलेलं पुस्तक तो तान्ह्या लेकरासारखं छातीशी धरायचा.

आमचा मुलूख हैदराबादेतून निघून मुंबई राज्यात गेला, त्या सुमारास तो यायला लागला. पोतं अंथरायचा ते शाळेपाशी नाही, थेट जनावरांच्या बाजारात, लिंबाखाली. मी म्हटलं, मास्तर, इथं शेणात कोण पुस्तक घेणार? तो म्हणाला, शाळेपुढून माणसं पळतात, बैलापुढं मात्र तासभर उभी राहतात. मला पटलं. पुस्तकं पातळ, रंगीत चित्रांची, मराठीतली, पण सगळी अमेरिकेच्या इतिहासाची, पोरांसाठी लिहिलेली. कुठून तरी गठ्ठ्यानं उचलली असणार. मी असतो तर तेच केलं असतं.

घ्यायला कुणी नव्हतं, ऐकायला सगळा बाजार. अमेरिकेतल्या लोकांनी समुद्रापलीकडच्या राजानं लावलेल्या कराच्या रागानं जहाजावरचा चहा समुद्रात फेकला, हे त्यानं सांगितलं तेव्हा आमचा हॉटेलवाला खवळला. चहानं कुणाचं काय वाकडं केलं होतं, म्हणाला, राजाला फेकायचं. एका धनगर म्हाताऱ्यानं विचारलं, मग राजा काय म्हणाला? मास्तर म्हणाला, आपलं जुनं सरकार म्हणायचं तेच. सगळ्यांनी अशा माना हलवल्या, जणू तो राजा परवापर्यंत परभणीतच वसुलीला फिरत होता.

मग आलं ते खेचर.

ऐन थंडीत अमेरिकेची फौज नदी ओलांडतेय, नदीत बर्फ वाहतोय. बर्फ म्हटल्यावर लोक हसले. मास्तरनं पुस्तक उघडून चित्र दाखवलं. पूर्णेच्या ठेसनात भुशात घालून येतो ना, तसलाच, म्हणाला, फक्त नदीभर. तर त्या फौजेला एका विधवेनं आपलं एकुलतं एक खेचर दिलेलं. डावा कान फाटका, पाठीवर दारूगोळा. नावेत मावेना, म्हणून पोहत निघालं. मधोमध बर्फाचा एक तुकडा येऊन बरगडीत बसला. खेचर खाली गेलं. फक्त कान वर राहिले.

इथं मास्तरनं तोंड मिटलं.

"पुढं?"

"पुढं लय वाईट हाय शेठ. नका इचारू."

माझं डोकं फिरलं. हयातभर जनावरं विकली, एकाचंही नाव लक्षात ठेवलं नाही. पण ते खेचर माझ्या डोळ्यांदेखत मरणार, हे मला चालण्यासारखं नव्हतं. आमच्या बाजारात सौदा तोंडानं होत नाही. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत बोटं दाबून बोलायचं. बघणाऱ्याला फक्त तोंडं दिसतात. मी रुमाल टाकला. एक बोट दाबलं: एक पुस्तक घेतो, खेचर जगव. त्यानं हात झटकला. मी दोन दाबली. तो लिंबाकडं बघायला लागला. शेवटी त्यानं माझा अख्खा पंजाच धरला. पाच. मी शिव्या देत मान डोलावली.

"खेचराचे पाय तळाला लागले," मास्तरनं जाहीर केलं. "इतिहासात हाय."

काय गलका उठला म्हणता! म्हाताऱ्यानं फेटा उडवला, तो एका म्हशीच्या शिंगात अडकला. हॉटेलवाल्यानं फुकट चहा वाटला. तो कुणी फेकला नाही.

घरी येऊन मी पुस्तक उघडलं. माझं शिक्षण जुन्या राज्यातलं, उर्दूत, तेही अर्धवट. मराठीचं अक्षर अक्षर जुळवत गेलो. नदी होती, नावा होत्या, बर्फ होता. खेचर नव्हतं. विधवा नव्हती. दुसऱ्यात असेल म्हणून दुसरं वाचलं. असं करत पाचही वाचली. बायको म्हणाली, "जनावर हरवलं तर चावडीवर कळवा, कागदात काय हुडकायलाव?"

पुढच्या बाजारी मी त्याची कॉलर धरली.

"खेचर कुठंय?"

"पाची वाचली तुमी? समदी?"

"शेवटच्या पानापर्यंत. कुठंच न्हाई."

तो हसायला लागला. हसता हसता पोत्यावर बसला, डोळे पुसले, आणि म्हणाला, "इतक्या गावात पुस्तकं इकली शेठ. वाचून भांडायला आलेले तुमी पयलेच."

कॉलर माझ्या हातातून कधी सुटली, कळलं नाही. मी हळूच विचारलं, पण ते काठाला लागलं का? मोटार निघायलीय, म्हणाला, पुढच्या बाजारी सांगतो. आणि गठ्ठा उचलून गेला.

तो पुन्हा आला नाही. मी पूर्णेत विचारलं, बोरीच्या बाजारात विचारलं. कुणी म्हणालं हैदराबादला गेला, कुणी म्हणालं आजारी होता. लिंबाखाली आता दोरखंडवाला बसतो. त्याला काहीच येत नाही.

त्यानंतर अमेरिकेच्या इतिहासाचं जे जे पुस्तक हाती लागलं, ते मी वाचलं. फौज पार झाली, लढाई जिंकली, राजा हरला. खेचराबद्दल कुणी एक अक्षर लिहीत नाही. पाय तळाला लागले, इथवरच मला ठाऊक आहे. पाणी गार आहे, काठ लांब आहे, पाठीवरचं ओझं अजून कुणी उतरवलेलं नाही.

सौदा पक्का झाला होता. तुमच्यापैकी कुणाला तो माणूस भेटला असेल, त्यानं ऐकवलेलं पुढचं कुणी ऐकलं असेल, तर समोर या. ते जनावर बाहेर निघालं की नाही, याचा जाब मला पाहिजे.