बावीस पावलांचं सुंभ

माझ्यावर सगळ्यात मोठे उपकार आहेत ते दिघीच्या खालाचे. मी पदवीधर झालो तो तिच्यामुळे, आणि तिला स्वतःला अक्षरओळखही नव्हती. सगळा गाव तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणे. खाडीकाठी तिचं घर. नारळाची सोडणं चिखलात कुजवायची, कुटायची आणि त्या काथ्याचं सुंभ वळायचं, हा तिचा धंदा.

आमचं घर जरा वरच्या अंगाला, भातशेतीचं. माझी धाकटी बहीण आठ वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. आम्ही तिला बाय म्हणत असू. हाकेला ती वळून बघत नसे. दिवसभर अंगणात येरझाऱ्या घालायची. तुळशीपासून बावीस पावलं, तिथं वळायचं, पुन्हा बावीस. शेजारची काकी म्हणायची, "पोर हाय का घाण्याचा बैल?" एकदा अंगणात भाताचे भारे रचले, तिची वाट अडली, आणि ती थेट खाडीत उतरली. थोडक्यात वाचली. तेव्हापासून सगळे शेतावर गेले की आई तिचा पाय दोरीनं खांबाला बांधून जाई. बांधताना आई रडत असे.

माझी मराठी शाळा संपली तेव्हा बाबा म्हणाले, "तू मुरुडला इंग्रजी शिकायला गेलास, तर हिच्याजवळ कोण बसंल? आता दोरी नको, माणूस पायजे."  मी दप्तर माळ्यावर टाकलं.

त्याच आठवड्यात खाला सोडणं न्यायला आमच्याकडे आली. बायला जेवणापुरती सोडली होती. खाला ओटीवर बसून बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. बोटांवर काही मोजलं.

"वहिनी, सुंभ वळताना एक जण काथ्या देत बसतो, दुसरा फिरकी फिरवत मागं मागं जातो. माझी सून चार फेऱ्यांत कंटाळते. ही कंटाळायची न्हाय."

"तिला काय समजतंय, खाला?"

"चालणं समजतंय. मला तेवढंच पायजे."

दुसऱ्या दिवसापासून मी बायला घेऊन जाऊ लागलो. सून काथ्या देत बसायची आणि खाला बायच्या हातात फिरकी देऊन, बाजूनं खांदा धरून तिला मागं मागं चालवायची. पण खालाच्या अंगणात अठराव्या पावलाला कुंपणाचा कूड होता. कुडाला पाठ लागली की बाय किंचाळून फिरकी फेकून द्यायची. तीन दिवस हेच चाललं. आई म्हणाली, "राहू दे. आमचं नशीब."

चौथ्या सकाळी गेलो तर कूड नव्हता. खालाचा मुलगा संतापला होता. "अम्मी, एका येड्या पोरीसाठी कूड मोडलास! आता सगळ्या गावच्या बकऱ्या आत येतील."

"येऊ देत. बकऱ्यांना हाकलता येतं."

बाय चालली. अठरा, एकोणीस, वीस... बावीस. थांबली. हातात फिरकी तशीच. मी मोठ्यानं ओरडलो, तर खालानं मला दटावलं, "गप, तिचं काम चाललंय."

दिवाळीपर्यंत खालाचं प्रत्येक सुंभ सारख्या लांबीचं निघू लागलं. खाडी पार करणाऱ्या होडीचा, तरीचा, तांडेल येऊन म्हणायचा, "बावीस पावलांवालीचं सुंभ दे, दुसरं नको." त्याच्या तोंडून 'बावीस पावलांवाली' हे नाव ऐकलं आणि गावात 'येडी' म्हणणं हळूहळू बंद झालं. बाबा एकदा बघायला आले. तिच्या फेऱ्या मोजत उभे राहिले. घरी येऊन त्यांनी स्वतः माळ्यावरून माझं दप्तर काढलं, झटकलं. "सकाळच्या तरीनं आगरदांड्याला उतर. तिथून मुरुडला चालत जा."

पुढं मुंबईत बी. ए. चा निकाल लागला, त्या दिवशी मी खालाला पत्र लिहिलं.

"खाला, सलाम.

मी पास झालो. हे पत्र तांडेल तुला वाचून दाखवील. त्याला दोनदा वाचायला लाव.

बाबांनी कळवलंय की म्हसळ्याहून एक बाई आपल्या मुलाला घेऊन तुझ्याकडे आली. तो चालत नाही, दिवसभर बसून मुठीत माती दाबतो. तू त्याच्या मुठीत काथ्या दिलास. आता तो काथ्या देतो आणि बाय फिरकी घेऊन मागं जाते. आमची बाय दुसऱ्या माणसाबरोबर काम करते, हे वाचून मी रस्त्यात उभा राहून हसलो.

मी म्हसळ्याच्या शाळेत नोकरीसाठी अर्ज केलाय. त्याआधी घरी येतो. त्या मुलाला बसायला सावली हवी. नारळीच्या झापांचं छप्पर मी घालीन. पण कूड घालू नकोस. आणखी कुणी आलं, तर त्याला किती पावलं लागतील, आपल्याला काय ठाऊक?

बकऱ्या मी हाकलीन.

तुझा,
बायचा भाऊ"