आप्पांच्या रणगाड्यांचा पोळा

आप्पांच्या हाती कोणी नवा रणगाडा दिला, की ते आधी त्याचे पाय पाहत. तोफ, रंग, पाठीवरची निशाणी या साऱ्या गोष्टी नंतर. काउंटरवर ठेवून तो बोटाने हलकेच दाबत, डुगडुगत नाही याची खात्री करून घेत आणि मगच म्हणत, "उभा चांगला हाय." देवणीच्या बैलबाजारात लहानपण गेलेल्या माणसाला प्लॅस्टिकचे वीतभर रणगाडे पारखण्याची दुसरी रीत ठाऊक नव्हती, आणि हवीही नव्हती.

नांदेडला त्यांचे रंगाचे दुकान होते. गिऱ्हाईक नसले, की कपाळावरच्या भस्माच्या पट्ट्यांखाली भिंग चढवून ते रणगाड्याच्या किटमधला एकेक सुटा भाग कापत, घासत, जोडत. खिडकीच्या गजांसाठी रंग घ्यायला गेलेली मी ते पाहत तशीच उभी राहिले. मी भूगोलाची निवृत्त प्राध्यापिका; हातांनी काही घडवण्याची सवय नव्हती, आणि विचारण्याचा धीर तर त्याहून नव्हता. आप्पांनी रंगाच्या डब्याबरोबर एक किट पिशवीत घातले. मी संकोचले, तेव्हा म्हणाले, "न्या तर. बिघडला तरी चारा मागत न्हाई."

पोळ्याला मात्र त्यांचा थाट पाहावा. काउंटर रिकामा करून ते सारे रणगाडे ओळीने उभे करत. त्यांच्या पत्नीने, काकूंनी, शिवलेल्या बोटभर झुली पाठीवर, तोफांना रंगीत गोंडे. "ह्यांच्या गोठ्यात शेण तेवढं न्हाई," असे काकू गिऱ्हाइकांना सांगत आणि नैवेद्याची पुरणपोळीही स्वतःच करत.

त्या वर्षीचा पोळा त्यांचा दुकानातला शेवटचा होता. दुकान आवरून दोघे लातूरला मुलाकडे जाणार होते. त्या ओळीत माझा रणगाडा असावा, एवढीच आप्पांची इच्छा होती. आणि त्या किटमधून मी जोडलेला रणगाडा कित्येक महिने कपाटात दडलेला होता. गोंद जास्त झाल्याने तोफेचा घुमट कायमचा चिकटून बसला होता. तो चारचौघांत मांडणे मला अशक्य वाटे. सकाळी काकूंचा फोन आला. "मॅडम, एक जागा मोकळी ठेवून बसलेत हे. नैवेद्य अडवून राहिलेत."

मी तो रुमालात गुंडाळून नेला. आप्पांनी पाय पाहिले, मान डोलावली. मग घुमट फिरवून पाहिला. पुन्हा पाहिला. मी खुलासा करू लागले.

"ह्याची मान वळत न्हाई," आप्पा गंभीरपणे म्हणाले. "मग ह्याला सगळ्यांच्या पुढं ठेवू. मागं बघणार न्हाई त्यो."

ब्रश घ्यायला आलेल्या एका गृहस्थांनी विचारले, की पुढचा कुणाचा. आप्पा गोंडे सारखे करण्यात गढून गेले. काकूंना अचानक रस्त्यावर काहीतरी दिसले. उत्तर माझ्याशिवाय कोणी देणार नव्हते.

"माझा," मी म्हणाले.

"मोठ्यानं बोला की," आप्पा गोंड्यांवरून मान न उचलता म्हणाले. "धनी असा बोलला तर बैल बुजंल."

"माझा आहे," मी म्हणाले, आणि तो आवाज रस्त्यापर्यंत गेला असावा. आप्पांनी नैवेद्याचे ताट माझ्याच हाती दिले.

आता रणगाड्यांची ओळ मी माझ्या घरी मांडते, आणि पोळ्याच्या सकाळी लातूरहून आप्पांचा फोन येतो. ओळ किती लांबली, कोण नवा आला, उभा कसा आहे, सारी चौकशी होते. यंदा अखेरीस त्यांनी विचारले, "दार उघडं ठेवलंय ना, मॅडम? लोकांना दिसू द्या."

"ठेवलंय," मी म्हणाले, आणि उठून ते उघडले.