काळीचे अकरा टाके

सतरा वर्षं मी फौजेत कुत्र्यांचा हँडलर होतो. हवालदार म्हणून पेन्शनवर आलो. आता सौंदडजवळच्या आमच्या बांध्यांत थोरला भाऊ धान पिकवतो आणि मी त्याच्या हाताखाली राबतो. गावात मला नावानं कोणी हाक मारत नाही. फौजी म्हणतात.

काळी आमची गावठी कुत्री. पोळ्याच्या सहा दिवस आधी धानात रानडुक्कर शिरलं. ही सरळ त्याच्या अंगावर गेली आणि सुळ्यानं हिची कूस फाटली. तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी अकरा टाके घातले आणि मला बाजूला घेऊन सांगितलं. दहा दिवस बांधून ठेवा. जखम कोरडी ठेवा. गोळी सकाळी आठ, संध्याकाळी आठ. आणि काही झालं तरी चाटू देऊ नका.

घरी येऊन मी प्लास्टिकच्या बादलीचं बूड कापलं, कडेला जुन्या बनियनची पट्टी शिवली आणि ती बादली तिच्या गळ्यात अडकवली. तोंड जखमेपर्यंत पोचत नव्हतं, काम झालं. ओसरीच्या भिंतीवर कागद चिकटवला. ०६००, जखम पाहणे. ०८००, गोळी, भाताच्या मुदीत. भावाला समोर बसवून सगळं ब्रीफिंग दिलं. तो "हो, हो" म्हणाला. तो कशालाही हो म्हणतो हे मला लहानपणापासून ठाऊक आहे, तरी मी विश्वास ठेवला. तिथं मी चुकलो.

एवढा कडक का वागतो, असं वहिनी विचारायची. त्याचं कारण ज्वाला.

ज्वाला माझी फौजेतली लॅब्राडोर. पेरलेली स्फोटकं हुंगून काढायची. काश्मीरमधल्या एका पोस्टवर आम्ही रोज ०५३० ला रस्ता तपासायला निघायचो, ती पुढं, मी दोरीच्या टोकाला. एकदा तिच्या मांडीत स्फोटातला स्प्लिंटर घुसला. जनावरांचे डॉक्टर असलेल्या कॅप्टन साहेबांनी ऑपरेशन केलं आणि दहा दिवस आराम लिहून दिला. सहाव्या दिवशी वरचे साहेब पाहणीला येणार होते. दुसरं कुत्रं ड्यूटीवर बाहेर.

सुभेदार म्हणाले, "ज्वाला को निकालो. दस मिनट का डेमो है."

"साहब, टाँके कच्चे हैं."

"ऑर्डर है."

मी दुसऱ्यांदा बोललो नाही. ज्वालानं अडथळा ओलांडला, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. टाके आतून सुटले होते. जखम चिघळली आणि डेमोनंतर चौथ्या दिवशी ती गेली. कागदावर लिहिलं, आजारानं मृत्यू. कोणी म्हणालं नाही की माझ्यामुळं गेली. सुभेदार नाही, मीही नाही. तो कागद आठवला की आजही माझं डोकं फिरतं.

आता पोळ्याच्या आदल्या दिवसाचं सांगतो. त्या दिवशी आमच्याकडं बैलांचे खांदे शेकतात. तूप-हळद चोळायची, पळसाच्या पानानं शेकायचं आणि कानाशी म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. मग दुसऱ्या दिवशी त्यांच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत.

मी सकाळी १००० ला झूल आणि बेगड आणायला बाजारात गेलो. १३२० ला परतलो. बादली खुंटीवर टांगलेली. काळीची कूस पिवळीजर्द, आणि ती तूप चाटून चाटून तिथंच दातानं धागे ओढत होती. तीन टाके उघडे. रक्त ओसरीवर.

"बादली कोनं काढली?"

"मीनं काढली. काऊन?" भाऊ गोठ्यातून हात पुसत आला. "सनाच्या दिवशी जनावराच्या गळ्यात फास ठेवून राहिला तू."

"आन जखमेले तूप कायले?"

"घरचं तूप हाये. बैलाले लावतो, मंग तिले काऊन नाही? तिनंच त धान वाचवला. आवतन बी देलं तिले."

मी जन्मात मोठ्या भावाला उलट बोललो नव्हतो. त्या दिवशी बोललो. सख्ख्या भावाला बोलू नये ते सगळं बोललो. भिंतीवर कागद होता, तो कोणासाठी होता? कुत्र्यासमोर तूप ठेवायचं आणि चाटू नको म्हणायचं, एवढीही अक्कल नाही? मी स्वच्छ धोतराची घडी जखमेवर दाबली आणि फोन लावला.

"डॉक्टरसाहेब, तीन टाके उघडले. रक्त चालू. शुद्धीवर आहे."

"दाबून धरा. दोनला बंद करतो, त्याआधी या."

भावानं मोटरसायकल काढली. मी मागं, काळी माझ्या मांडीवर. अर्ध्या वाटेत सर आली. मी भिजलो, ती भिजू नये म्हणून बेगडाच्या पिशव्या तिच्यावर धरल्या. भाऊ एकदाही मागं वळला नाही. १३५५ ला पोचलो.

डॉक्टरांनी जखम उघडून पाहिली आणि त्यांचाही पारा चढला. "हे तूप कोणी लावलं?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात भाऊ पुढं झाला. "मीनं लावलं, साहेब. चूक माही हाये. हा नाही म्हनत होता."

डॉक्टर त्याला म्हणाले, "डोकं धरा तिचं." टाके पुन्हा पडेपर्यंत त्यानं तिचं डोकं छातीशी धरलं. जखम आत पोचली नव्हती. काळी वाचली.

परतताना माझा राग कमी झाला नव्हता. पण तो आता भावावर राहिला नव्हता. वाटेत चहाच्या टपरीवर गाडी थांबवून मी त्याला ज्वालाची सगळी हकीकत सांगितली, घरात आजवर कोणालाच सांगितली नव्हती ती. सुभेदारांचं सांगितलं, माझंही सांगितलं. चहा निवून गेला.

पोळ्याच्या दिवशी बैल गावातून फिरून आले. वहिनीनं ओवाळलं, पुरणपोळी भरवली. काळी बादली घालून ओसरीवर बसली होती. भाऊ दोन पत्रावळी घेऊन आला. एक तिच्यापुढं ठेवली, दुसरी बाजूच्या रिकाम्या जागेवर.

"हे कोनाचं?" मी विचारलं.

"तुया फौजेतल्या कुत्रीचं. तिले आवतन कोनी देलं नसन. नाव काय सांगतलं होतं तू?"

मी उठून सावधान उभा राहिलो आणि नाव सांगितलं. ज्वाला, एक्सप्लोझिव्ह डॉग, सर्व्हिस पाच वर्षं. माझ्यामुळं गेली.