इनामदारी घंगाळ

लेकीची हळद तोंडावर आलेली असताना मी बायकोचं घंगाळ विकलं.

मुद्दाम नाही विकलं. पण हे वाक्य मी इतकी वर्षं म्हणतोय आणि घरात अजून कुणी ते पुरतं ऐकून घेतलेलं नाही. म्हणून निदान इथं तरी पहिल्यापासून सांगतो.

घोडेगावात माझा फोटो स्टुडिओ. मोबाइलमध्ये कॅमेरे आले आणि गिऱ्हाईक आटलं. उरले ते पासपोर्ट फोटोवाले, आणि तेही स्वतःचा फोटो बघून माझ्याशी भांडणारे. दिवसभर माश्या तरी किती मारायच्या? त्यात इंटरनेटवर जुन्या वस्तू विकायचा नाद लागला. भंगारवाल्याकडून कंदील, अडकित्ते, पितळी भांडी उचलायची, झकास उजेडात फोटो काढायचे आणि साइटवर टाकायचे. (भांड्यांचा एक मोठा गुण आहे. 'माझा डावा डोळा बारीक का आलाय?' असं ती विचारत नाहीत.)

खालचं वर्णनही मीच लिहायचो. कंदील असला की तो राजघराण्यातला, अडकित्ता असला की सरदाराचा. माझी बायको सुनंदा म्हणायची, "कुठं फेडाल हे सगळं?" मी म्हणायचो, अगं, त्याला मार्केटिंग म्हणतात. घरात पाय ठेवायला जागा उरली नव्हती, हे मात्र मला मान्य करावं लागायचं.

असंच एक पितळी घंगाळ मी भंगारातून आणलं. दोन कड्यांचं, गरगरीत, आंघोळीच्या पाण्याचं. 'इनामदार घराण्यातील, दोनशे वर्षं जुने, अत्यंत दुर्मिळ' असं ठोकून दिलं आणि पुण्याच्या एका बंगाली बाईंनी ते लगेच घेतलं.

आता दुसरं घंगाळ. ते सुनंदाचं. तिच्या माहेरची, म्हणजे घाटघरची, रीत अशी की भाचीच्या लग्नात मामानं घंगाळ द्यायचं, आणि पुढं त्या भाचीच्या लेकीची हळद उतरवायची ती त्याच घंगाळातल्या पाण्यानं. देणारा मामा हयात असेल तर त्याला समोर पाटावर बसवायचं. सुनंदाचे मामा हयात होते. म्हातारे झाले होते, गुडघे गेले होते, पण त्या पाटासाठी एसटीनं यायला निघाले होते. सुनंदाला आई नाही, बाप नाही. माहेर म्हणून उरलं होतं ते एवढंच, एक मामा आणि एक घंगाळ.

तर बाईसाहेबांनी लग्नाच्या घाईत चिंच घेऊन सगळी पितळ घासली. माझ्यावर उपकार म्हणून माझं घंगाळही घासलं. दोन्ही अंगणात उन्हाला पालथी घातली. मी मंचरच्या कुरिअरला गाठायच्या गडबडीत बाहेर आलो. दोन्हींवर ठिपक्यांनी नाव घातलेलं होतं. माणसानं ते वाचावं की नाही? पण मी पडलो फोटोवाला. मी उजेड बघितला. जास्त चकाकणारं उचललं, बारदानात बांधलं आणि पाठवून दिलं. तिनं स्वतःचं घंगाळ जास्त जोरानं घासलं असणार, एवढा विचार करायची मला सवय नव्हती.

संध्याकाळी सुनंदानं उरलेलं घंगाळ उचललं, नाव वाचलं आणि थंडपणे विचारलं, "ही शकुंतला कोण?"

तीस वर्षांच्या संसारात माझ्यावर असा संशय पहिल्यांदाच आला. खरं सांगायचं तर क्षणभर बरंही वाटलं. मग काय झालंय ते दोघांच्याही ध्यानात आलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "मामाला काय तोंड दावू मी?"

दुसऱ्या दिवशी शकुंतलेचं घंगाळ मांडीवर घेऊन मी पुण्याची एसटी धरली. बाईंच्या फ्लॅटमध्ये सुनंदाचं घंगाळ पाणी भरून, त्यात गुलाबाच्या पाकळ्या सोडून, बैठकीत मांडलेलं! मराठी वाचायला येत नसल्यानं त्या नावावर त्या प्रेमानं हात फिरवत होत्या. मी मालिका बघून शिकलेल्या हिंदीत सांगितलं की हे साधं आहे, चुकून आलं, हे दुसरं घ्या.

"साधा है, तो वापस क्यों चाहिए?" बाईंनी विचारलं.

इथं मार्केटिंग चालणार नव्हतं. म्हणून खरं बोललो. माझ्या बायकोला तिच्या मामांनी दिलंय, लेकीच्या लग्नात लागतं, रीत आहे. बाईंचे डोळे मोठे झाले. म्हणजे ते इनामदार घराणं तुमचंच! खोटं बोललो तेव्हा नुसता विश्वास होता, खरं बोललो तर खात्रीच पटली. त्यांनी मला चांगल्या कपात चहा दिला, माझ्याबरोबर फोटो काढून घेतला आणि घंगाळ काही दिलं नाही. इनामदार म्हणून जिना उतरलो आणि शकुंतलेला पोटाशी धरून परत आलो.

हळदीच्या सकाळी मामा पाटावर बसले. समोर शकुंतलेचं घंगाळ, नावाची बाजू भिंतीकडं. मामांनी काठीनं घंगाळ हळूच फिरवलं, वाचलं आणि माझ्याकडं बघितलं. मी सगळं सांगून टाकलं. सुनंदाला रडू कोसळलं.

मामा म्हणाले, "रडू नगं गं. ते तरी कुठं नवं व्हतं? माज्याकडं तवा नवं घ्यायची ऐपत नाय. जुन्नरात एका इनामदाराच्या घरची भांडी मोडीत निघाली व्हती, त्यातलं उचललं. त्येंचं नाव घासलं, तुजं घातलं. लई जुनं व्हतं. आज तुज्या लेकीला ह्यातनं पाणी घाला, काय बिघडत नाय."

सुनंदा रडता रडता हसली आणि लेकीच्या डोक्यावर पहिला तांब्या घातला. मी मात्र तिथंच उभा. जन्मभर भंगाराला इनामदारी म्हणत विकलं, आणि खरोखरचं इनामदारी एकदाच हातात आलं ते भंगारातल्या घंगाळाच्या भावात घालवलं.

लग्नानंतर बंगाली बाईंचा फोन आला. घराण्यातलं अजून काही जुनं आहे का? मी सुनंदाकडं बघितलं.

"हाय म्हणावं," ती भाकरी थापत म्हणाली. "साठीला टेकलंय, आवाज लई करतं, कामाला येत नाय. फुकट न्या, पण परत घेणार नाय."

एवढं प्रामाणिक वर्णन मला एकदाही जमलं नव्हतं.